डीएपीच्या रांगेची बातमी छापलीत, आता मुळाशी काय चालतं तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात जिल्हा पानावर डीएपीच्या (डाय-अमोनियम फॉस्फेट या खताच्या) टंचाईची बातमी आली, दुकानासमोरच्या रांगेचा फोटो पण होता, आणि लगेच त्याच्यावर दोन वाचकांची पत्रं छापून आली. एक कोथरूडच्या गृहस्थांचं, की रासायनिक खतं सरळ बंदच करून टाका, जमिनीचं वाटोळं झालंय. दुसरं शिरूरकडच्या शेतकऱ्याचं, की जिवाणू खत म्हणजे रंगीत पाणी, दुकानदाराची कमाई, बाकी शून्य. दोन्ही वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर खुशाल कापा, फक्त स्फुरदाचा (फॉस्फरसचा) भाग तेवढा ठेवा प्लीज.

मी हडपसरला राहते, शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं, ज्युनियर कॉलेजला बायो शिकवते. माहेर यवतच्या पुढं, तिकडे धाकटा भाऊ ऊस करतो आणि रब्बीला हरभरा, त्यामुळे पुस्तकातलं आणि बांधावरचं दोन्ही थोडं थोडं कानावर पडतं. भावाचं नेहमीचं वाक्य, ताई तुझे बॅक्टेरिया तू वर्गात ठेव, मला पोतं कुठं मिळतंय ते सांग. त्याचंही चूक नाही म्हणा, पेरणी तोंडावर आली की माणसाला पोतंच दिसतं.

आधी कोथरूडच्या काकांचं बघू. काका, युरिया टाकला म्हणजे जमिनीतले जिवाणू बाजूला पडले असं नाही हो, उलट युरिया टाकला तरी तो पिकाला मिळतो तो मुख्यतः जिवाणूंच्याच हातून! युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं पण मूळ तो आहे तसा फार थोडा घेतं, आधी जमिनीतल्या युरिएज नावाच्या एन्झाइमने त्याचा अमोनिया होतो, हे एन्झाइम बऱ्याच अंशी जिवाणू-बुरशांचंच, मग नायट्रोसोमोनास वगैरे जिवाणू मंडळी त्याचं नायट्राइट करतात, दुसरी मंडळी त्याचं नायट्रेट, आणि मग पीक ते उचलतं, काही अमोनियमच्या रूपात पण उचलतं. म्हणजे पोतं फॅक्टरीतलं असलं तरी पुढचं काम जमिनीतल्यांचंच आहे. आणि गंमत बघा, २०१५ पासून देशात बनणारा सगळा युरिया कडुलिंबाचं तेल लावून यायला लागला, तो कशासाठी? त्यामागे दुसऱ्या धंद्यात युरिया पळवू नये हे कारण होतंच, पण शेतातलं कारण असं की कडुलिंबातली द्रव्यं या नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना जरा हळू करतात, म्हणजे नायट्रेट एकदम तयार होऊन पाण्याबरोबर खाली वाहून जात नाही. अख्ख्या देशाच्या खत धोरणात एका बॅक्टेरियाचा स्पीड कमी करायचा म्हणून पोत्यात बदल झाला, आणि आपण मात्र जिवाणू म्हटलं की ते सेंद्रियवाल्यांचं काहीतरी खूळ असं समजतो.

पाणी तुंबलं की याच्या उलट चालतं. वाफ्यात दोन-चार दिवस पाणी उभं राहिलं, जमिनीतली हवा गेली, की दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरायला लागतात आणि नत्र वायू होऊन हवेत निघून जातं. भारी काळ्या जमिनीत मोकाट पाणी सोडलं की पीक पिवळं पडतं आणि मग आपण आणखी युरिया फेकतो, नीरा डाव्या कालव्याच्या बाजूला ज्यांच्या जमिनी पाण्याने चोपण, म्हणजे खारवट आणि घट्ट झाल्या त्यांना हे मी सांगायची गरज नाही.

आता नत्राबद्दल एवढंच की हवेत ७८ टक्के नत्र आहे आणि पिकाला त्यातलं काडीचं मिळत नाही, कारण त्या दोन अणूंची जोडी तुटता तुटत नाही. फॅक्टरीत ती तोडायला चार-पाचशे डिग्री तापमान आणि हवेच्या दीड-दोनशे पट दाब लागतो. हेच काम रायझोबियम नावाचा जिवाणू हरभऱ्याच्या मुळाच्या गाठीत, आपल्या साध्या जमिनीच्या तापमानाला करतो. १८८८ मध्ये बायरिंक नावाच्या डच शास्त्रज्ञाने हा गाठीतला जिवाणू वेगळा काढून दाखवला, म्हणजे शोध आजचा नाही, सव्वाशे वर्षांच्या वरचा आहे. फुकट मात्र करत नाही तो, त्याला पिकाकडून साखर लागते आणि भरपूर लागते. आणि म्हणूनच हरभऱ्याला युरियाचा डोस वाढवला की झाड गाठीच करत नाही, आयतं मिळतंय तर साखर कशाला द्या! सुरुवातीला हेक्टरी वीस-पंचवीस किलो नत्र देतात ते ठीक आहे, रोप लहान असतं, गाठी व्हायच्या असतात. त्याच्यावर वरून अजून एक हात फिरवणारे आमच्याकडे खूप आहेत, मग म्हणतात रायझोबियम चालत नाही.

चालतंय का नाही ते बघणं अवघड नाही, लॅब लागत नाही. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने चार-पाच रोपं खुरप्याने मातीसकट उचलायची, ओढून काढायची नाहीत कारण ओढली की गाठी मातीतच राहतात, पाण्यात हलकेच धुवायची आणि गाठ नखाने फोडायची. आत गुलाबी-लाल दिसली तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलाच पदार्थ, ऑक्सिजन धरून ठेवतो कारण नत्र पकडणारं एन्झाइम ऑक्सिजनने खराब होतं. आत पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ आहे पण काम नाही. मी वर्गात पोरांना हे दाखवते तेव्हा शहरातली पोरं अक्षरशः तोंडात बोटं घालतात, आणि शेतकऱ्यांच्या पोरांनी पण कधी गाठ फोडून बघितलेली नसते याचं मला जास्त नवल वाटतं.

आता स्फुरद. डीएपीची रांग ही खरी स्फुरदाची रांग आहे, डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, नत्र आपल्याला युरियातून मिळतं पण स्फुरदासाठी डीएपी नाहीतर सुपर फॉस्फेट नाहीतर मिश्र खत. देशात रॉक फॉस्फेट फार कमी, बहुतेक माल किंवा कच्चा माल बाहेरून येतो, तिकडे कुठे लढाई झाली किंवा कुठल्या देशाने निर्यात थांबवली की आपल्या यवतच्या दुकानात रांग. हे तुम्ही छापता, बरोबरच आहे. पण हे कोण छापणार की जे पोतं एवढ्या मारामारीने आणलं त्यातल्या स्फुरदाचा साधारण पाचवा हिस्सासुद्धा त्या वर्षीच्या पिकाला धड मिळत नाही? बाकीचं कुठं जात नाही, पावसात वाहून गेलेल्या मातीबरोबर जाईल तेवढंच, ते जमिनीतच राहतं, चुन्याला चिकटून. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातली आपली काळी जमीन बेसॉल्ट खडकापासून झालेली, बऱ्याच ठिकाणी चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वर, त्यात स्फुरद पडलं की कॅल्शियम त्याला धरतं आणि हळूहळू अशा रूपात नेतं की पाण्यात विरघळत नाही. वर्षानुवर्षं डीएपी टाकलेल्या जमिनीत असा साठा पडून आहे. माती परीक्षणाच्या रिपोर्टमध्ये "उपलब्ध स्फुरद" असा जो आकडा येतो तो एकूण साठ्याचा अगदी छोटा भाग असतो, शेतकरी मात्र तो वाचून समजतो की जमिनीत स्फुरद एवढंच आहे.

हा साठा मोकळा करणारे म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, दुकानात पीएसबी म्हणतात. बॅसिलस, स्युडोमोनास अशा जातीतले. ते ग्लुकोनिक अॅसिडसारखी सेंद्रिय आम्लं सोडतात, आपल्या आजूबाजूचा जेमतेम केसाच्या जाडीएवढा पट्टा आंबट करतात आणि तेवढ्यापुरतं कॅल्शियमचं बंधन सुटतं. अख्ख्या शेताचा सामू आठवरून सहावर येत नाही, तशी कुणी जाहिरात केली तर हसून सोडून द्या. आणि हे मुळाच्या जवळच चालतं कारण खायला तिथंच मिळतं, मूळ साखरा, आम्लं, अमिनो अॅसिड बाहेर सोडत असतं, म्हणून मुळालगतच्या मातीत जिवाणू लांबच्या मातीपेक्षा कितीतरी पटीने जास्त असतात.

लोहाचं पण असंच आहे. आपल्या जमिनीत लोह रग्गड, तरी उसावर केवडा पडतो, पानं पिवळी-पांढरी होतात, कारण चुनखडीच्या जमिनीत लोह विरघळतच नाही. काही जिवाणू लोह पकडून आणणारे पदार्थ सोडतात, गवतवर्गातली पिकं स्वतः पण सोडतात. जुनी माणसं हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) नुसता फेकत नव्हती, शेणखतात मुरवून मग द्यायची, त्यात हेच शहाणपण आहे.

मायकोरायझाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण यात फसवणूक पण जास्त आहे. ही बुरशी. १८८५ मध्ये फ्रांक नावाच्या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने हे नाव दिलं, सरकारने त्याला खरं म्हणजे ट्रफल नावाचं महागडं अळिंब शेतात पिकवता येईल का ते बघायला सांगितलं होतं, ते राहिलं आणि हे सापडलं. आपल्या पिकांत जी जात असते ती मुळाच्या पेशीत शिरते आणि दुसरीकडे मातीत बारीक तंतू पसरवते, मुळाच्या केसापेक्षाही बारीक. स्फुरद मातीत जागचं फारसं हलत नाही, त्यामुळे मुळाच्या भोवतीचा काही मिलिमीटरचा भाग लवकरच रिकामा होतो आणि मूळ तिथंच उपाशी राहतं, हे तंतू त्याच्या पलीकडे काही सेंटिमीटर जाऊन स्फुरद, जस्त असं काय काय घेऊन येतात. बदल्यात पिकाने तयार केलेल्या अन्नातला चार टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत हिस्सा ही बुरशी घेते, कमी नाही तो! जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींत हा करार आहे, आणि चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत सुद्धा सापडलाय.

पण सगळ्यांत नाही. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा या कुळाला ही बुरशी जवळजवळ लागतच नाही, पालक आणि बीटचं पण तेच. आणि आंबेगाव-खेडकडे फ्लॉवरवाल्यांना मायकोरायझाची पाकिटं विकली जातात, फोटोत लांबसडक पांढऱ्या मुळ्या. कांद्याला, मक्याला, उसाला, टोमॅटोला, डाळिंबाला उपयोग होऊ शकतो, फ्लॉवरला कशाला? विकणाऱ्याला माहीत नसतं किंवा असून सांगत नाही. आणखी एक म्हणजे ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, रायझोबियमसारखी नुसत्या बाटलीत पोसता येत नाही, म्हणून चांगला माल स्वस्तात पडत नाही. फारच स्वस्त मिळाला तर शंका घ्यायची.

शिवाय जमिनीत ती आधीपासून असतेच. भरमसाट स्फुरद ओतलं की झाड तिला आत घेत नाही, सारखी खोल नांगरट केली की तंतू तुटतात, आणि शेत महिनोन्‌महिने मोकळं ठेवलं की तिला राहायला मूळच नाही. म्हणजे एका हाताने मारायची आणि दुसऱ्या हाताने पाकीट विकत आणायचं असा आपला कारभार.

आता शिरूरच्या दादांचं. दादा, तुम्ही चिडून लिहिलंय पण मला तुमचा राग अर्धा पटतो. हे जिवाणू जिवंत आहेत एवढी एक गोष्ट धरली की बाकी सगळं आपोआप कळतं. मागच्या हंगामात भावाबरोबर एका दुकानात गेले होते, नाव-गाव राहू द्या, पीएसबीच्या बाटल्या दर्शनी काचेत, दुपारचं ऊन थेट त्याच्यावर. तारीख बघितली तर संपून गेलेली. म्हटलं दादा याची मुदत संपलीय की. तर म्हणाला, "चालतंय ओ ताई, औषधाला काय होत नाय." दुधाची पिशवी अशी उन्हात ठेवली असती का त्याने? ती बाटली शेतात सोडली तर रंगीत पाणीच जाणार, आणि शेतकरी म्हणणार जिवाणू खत बोगस.

कायदा आहे याला. खत नियंत्रण आदेश १९८५ चा, त्यात २००६ मध्ये जैविक खतं आली, आणि रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर, पीएसबी यांच्या पावडरमध्ये एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप असेल तर एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी हव्यात असं लिहिलंय. मग युरियाच्या काळ्या बाजारावर जशा धाडी पडतात तसे या बाटल्यांचे नमुने, तेही दुकानातल्या शेल्फवरून उचललेले, किती तपासले आणि किती नापास झाले हे कृषी विभागाने तालुकावार जाहीर करावं, आणि तुमच्या वार्ताहराने ते मागावं. फॅक्टरीतून निघताना दहा कोटी असतील हो, एप्रिल-मे काचेत काढल्यावर किती उरतात ते बघा.

पण दादा, अर्धा राग आपल्या वापराच्या पद्धतीवर पण काढायला पाहिजे. हरभऱ्याचं रायझोबियम वेगळं, सोयाबीनचं वेगळं, एकाचं पाकीट दुसऱ्याला चालत नाही आणि आपण नुसतं "रायझोबियम द्या" म्हणून घेऊन येतो. बीजप्रक्रिया करताना आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी जिवाणू, हा क्रम उलटा केला तर कष्ट वाया. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम पावडर, गूळ घालून उकळलेलं पाणी पूर्ण गार करून त्यात, बी सावलीत वाळवायचं आणि लगेच पेरायचं. गरम पाण्यात कालवणारे मी बघितलेत. आणि ते बी खताच्या पोत्यात मिसळून पेरलं तर खताच्या खारेपणाने जिवाणू मरतात, खत पाभरीच्या वेगळ्या चाड्यातून (पेरायच्या नरसाळ्यातून) गेलं पाहिजे. उसाला आता पूर्वहंगामी लागणी चालू होतील, तिथं अॅसेटोबॅक्टर नावाचा नत्र पकडणारा जिवाणू. हा ब्राझीलमध्ये १९८८ मध्ये उसातूनच वेगळा केला, उसाच्या कांड्याच्या आत राहतो, दहा टक्के साखरेच्या द्रावणात मजेत वाढतो. १०० लिटर पाण्यात १० किलो अॅसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी, त्यात बेणं (लागणीचे उसाचे तुकडे) अर्धा तास बुडवायचं, अशी आपल्याकडची शिफारस आहे, आणि त्याने नत्र निम्म्यापर्यंत आणि स्फुरद पाव हिस्सा वाचतं असं सांगतात. मी कुणाला पहिल्याच वर्षी निम्मा युरिया कमी करा असं सांगणार नाही, शेताच्या एका कोपऱ्यात चार सऱ्यांवर करून बघा, शेजारच्या सऱ्यांशी ताडून बघा, मग ठरवा. भावाला पण मी हेच सांगितलं, तो चार सऱ्यांना तयार झालाय, पुढचं त्याच्या मनावर.

माल कुठून आणायचा हा प्रश्न पुण्यात तरी पडायला नको. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये जिवाणू खतं तयार होतात. सोलापूर रोडवरून मार्केट यार्डला माल घेऊन येणाऱ्या गाड्या मांजरी फाट्यावरूनच जातात, परत जाताना अर्धा तास मोडला तर काय बिघडतं.

आणि तरीही, बाटली ही नंतरची गोष्ट आहे. माझं मुख्य म्हणणं हे की जमिनीत आहेत त्यांना आधी खायला द्या. नवीन सोडलेले जिवाणू उपाशी जमिनीत टिकत नाहीत, आधीचेच कसेबसे तग धरून असतात. २०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिका मिळते, त्यात १२ गोष्टी तपासतात, सामू, क्षारता, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह वगैरे, जिवंत असं काहीच मोजत नाहीत. त्यातल्या त्यात जवळचा आकडा सेंद्रिय कर्बाचा (ऑरगॅनिक कार्बन), आणि नेमका तोच कुणी वाचत नाही. तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खाली असेल तर बाटलीचे पैसे वाचवा आणि आधी पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, जाळायचं बंद करा.

उसाच्या एका हेक्टरमधून आठ-दहा टन पाचट निघतं आणि तोड झाली की संध्याकाळी यवत ते दौंड सगळीकडे धूर. ते सरीत ठेवून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाकायचं असतं. हा युरिया कशाला असं भाऊ विचारतो. तर पाचटात कर्ब प्रचंड आणि नत्र अगदी कमी, कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतं, ते पाचटात मिळालं नाही की जमिनीतलं ओढून घेतात आणि खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस) पिवळा पडतो. लोक म्हणतात पाचट ठेवलं आणि ऊस बिघडला, बिघडला नाही, जिवाणूंनी काही आठवडे नत्र उसनं घेतलं. पुढे तेच जिवाणू मेले किंवा त्यांना मातीतल्या अमिबासारख्या प्राण्यांनी आणि सूत्रकृमींनी खाल्लं की ते नत्र परत सुटतं, सगळे सूत्रकृमी काही मुळं खाणारे नसतात. म्हणजे कोथरूडच्या काकांना नको असलेला युरिया इथं सेंद्रिय कर्ब वाढवायच्या कामाला येतो, काय करणार आता!

आपण पुणेकर पण काही कमी नाही, सोसायटीत झाडांचा पाला गोळा करून पेटवतात आणि रविवारी गच्चीवरच्या कुंड्यांसाठी जिवाणू कल्चरची बाटली आणतात. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

तर संपादक साहेब, मागणं दोनच आहेत. त्या नमुन्यांचे आकडे कृषी विभागाकडून मागवा, आणि बीजप्रक्रियेचा क्रम, कुठल्या पिकाला कुठला जिवाणू आणि सेंद्रिय कर्बाचा आकडा कसा वाचायचा एवढं जिल्हा पानावर एका चौकटीत छापा. हरभऱ्याच्या पेरण्या आमच्याकडे पंधरा-वीस दिवसांत चालू होतील, त्याच्या आधी आलं तर उपयोग आहे.

आपली,
एक वाचक, हडपसर, पुणे